गाड्यांच्या ताफ्यासाठी परवडणारा वॉकीटॉकी: वॅट नव्हे, पट्टा पाहून घ्या

चार-पाच गाड्या घेऊन तुळजापूर, माहूर किंवा औंढा नागनाथला निघणाऱ्या कुटुंबांनी आणि मित्रमंडळींनी वॉकीटॉकी घ्यायचा ठरवला, तर माझे मत असे आहे की ४४६ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातला (पट्टा म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सींचा ठरावीक टप्पा), अर्ध्या वॅटचा, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या बटणाचा साधा संच घ्यावा आणि ‘पाच वॅट’, ‘आठ वॅट’ असे मिरवणाऱ्या स्वस्त चिनी संचांच्या वाटेला जाऊ नये. या मतामागे कायदा आहे आणि रेडिओलहरींचा स्वभावही आहे. छत्रपती संभाजीनगर ते नळदुर्ग, जालना, म्हैसमाळ अशा फेऱ्यांमध्ये आमच्या ताफ्यात दोन वेगवेगळ्या किमतींचे संच वापरून पाहिल्यावर हे मत अधिक पक्के झाले.

हातात मोबाईल असताना आणखी एक यंत्र कशाला, असा प्रश्न घरातली मोठी माणसे हमखास विचारतात. मोबाईलचा फोन एका वेळी एका गाडीला लागतो. सगळ्यांना एकत्र जोडून ठेवावे, तर दोन-तीन तास सतत चालू राहिलेल्या त्या कॉलवर प्रत्येक गाडीतली गाणी, लहान मुलांची भांडणे आणि पंख्याचा आवाज सगळ्यांना ऐकावा लागतो. ग्रुपवर टाकलेला निरोप चालवणाऱ्याने वाचायचा नसतो आणि शेजारी बसलेला वाचीपर्यंत वळण मागे गेलेले असते. वॉकीटॉकीवर बटण दाबले की त्याच क्षणी सगळ्या गाड्यांना ऐकू जाते, नंबर लावावा लागत नाही, आणि बोलणे संपले की शांतता होते. घाटात किंवा दोन तालुक्यांच्या मधल्या उजाड पट्ट्यात मोबाईलची रेंज गेली तरी हे संच एकमेकांशी थेट बोलतात, कारण त्यांच्यामध्ये कोणताही टॉवर नसतो.

सिमकार्ड घालून चालणारे वॉकीटॉकीही बाजारात आहेत. त्यांना अंतराची मर्यादा नसते, परंतु ते मोबाईलच्याच जाळ्यावर चालत असल्यामुळे जिथे फोन बंद पडतो तिथे तेही बंद पडतात आणि त्यांचा डेटाचा किंवा वर्गणीचा खर्च सुरूच राहतो. रोज ट्रक पाठवणाऱ्या वाहतूकदाराला ते उपयोगी पडतील. वर्षातून चार-सहा वेळा फिरायला निघणाऱ्यांना त्यांची गरज नाही.

आता कायद्याचे. भारतात रेडिओसंच केवळ विकत मिळतो म्हणून तो वापरण्याची मुभा मिळत नाही. २०१८ च्या कमी शक्तीच्या आणि अल्प पल्ल्याच्या रेडिओ उपकरणांसंबंधीच्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्याच चिंचोळ्या पट्ट्यात चालणाऱ्या वॉकीटॉकीला परवाना लागत नाही. मात्र त्या उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-प्रकार मंजुरी, म्हणजे बाजारात ज्याला ‘ईटीए’ म्हणतात ती, असावी लागते. ऑनलाईन दुकानांवर या दोन्ही गोष्टींचा उल्लेखही न करता संच सर्रास विकले जात होते, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या आणि पाठोपाठ अशा विक्रीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही काढली. आता संचाच्या माहितीत फ्रिक्वेन्सी आणि मंजुरी स्पष्ट दिलेली नसेल, तर तो संच घेऊ नये, इतका सरळ निकष ग्राहकाच्या हाती आलेला आहे.

सर्वांत जास्त फसगत होते ती बाओफेंगच्या यूव्ही-५आर आणि बीएफ-८८८एस या दोन संचांबाबत. दोन्ही स्वस्त आहेत, दोन्हींचे कौतुक व्हिडिओंमधून भरपूर होते, आणि यंत्र म्हणून पाहिले तर किमतीच्या मानाने ते वाईटही नाहीत. परंतु यूव्ही-५आर हा १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ अशा दोन रुंद पट्ट्यांत प्रक्षेपण करू शकतो, तर बीएफ-८८८एस ४०० ते ४७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. पोलीस, सुरक्षा यंत्रणा, कारखाने आणि परवानाधारक संस्था यांना दिलेल्या फ्रिक्वेन्सी याच आवाक्यात येतात. संगणकाला केबल लावून असा संच ४४६ वर आणून बसवला की झाले, असे सांगणारे जाणकार प्रत्येक गावात भेटतात. पण सवलत ‘फक्त’ त्या पट्ट्यात चालणाऱ्या संचाला आहे, तिथे आणून बसवता येणाऱ्या संचाला नाही. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असलेला माणूस आपल्याला नेमून दिलेल्या पट्ट्यांत यूव्ही-५आर वापरू शकतो. मात्र त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि ताफ्यातल्या प्रत्येक बोलणाऱ्याकडे स्वतःचा परवाना व कॉलसाइन, म्हणजे ओळखीचा संकेत, असावा लागतो. काका, मामा आणि दोन्ही जावयांनी परीक्षा देऊन यावे आणि मग तुळजापूरला निघावे, हे काही होणारे नाही.

परदेशातून येणाऱ्या नातेवाईकांना वॉकीटॉकी आणायला सांगण्याची हौसही टाळावी. अमेरिकेतल्या दुकानांत मिळणारे बावीस चॅनेलचे घरगुती संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. ते तिथे कायदेशीर आहेत, इथे नाहीत, आणि आपल्या ४४६ च्या संचांशी ते बोलूही शकत नाहीत. युरोपातल्या ‘पीएमआर ४४६’ संचांचा पट्टा आपल्यासारखाच असला, तरी मंजुरीचा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँडही २००५ पासून परवानामुक्त आहे आणि तिथे पाच वॅटपर्यंत मुभा आहे, हे वाचून काहींना तो पर्याय अधिक दमदार वाटतो. परंतु या लहरीची लांबी सुमारे अकरा मीटर, म्हणजे तिला साजेसा पाव लांबीचा अँटेनासुद्धा पावणेतीन मीटरचा होतो. हातातल्या संचावरच्या वीतभर अँटेनातून ती शक्ती नीट बाहेर पडतच नाही. ४४६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सदुसष्ट सेंटिमीटरच्या जवळपास असल्याने तिला सतरा सेंटिमीटरही पुरतात, आणि म्हणूनच खिशात मावणारा संच या पट्ट्यात बरे काम करतो.

अंतराबाबत खोक्यावर जे छापलेले असते ते वाचून खरेदी करणे, हा या विषयातला सर्वांत मोठा घोटाळा आहे. मोटोरोलाच्या टॉकअबाउट मालिकेतले टी४२, टी६२ आणि टी८२ हे तीन संच पाहा. तिन्ही याच पट्ट्यातले आणि तिन्ही अर्ध्या वॅटचे. तरी पहिल्यासाठी चार किलोमीटर, दुसऱ्यासाठी आठ आणि तिसऱ्यासाठी दहा किलोमीटर असा ‘कमाल’ पल्ला सांगितला जातो. अँटेना आणि रिसीव्हर यांच्यात थोडाफार फरक असेल, पण शक्ती तीच असताना पल्ला अडीचपट होत नाही. हे आकडे एक माणूस डोंगरमाथ्यावर आणि दुसरा खाली मोकळ्या मैदानात उभा असतानाचे समजावेत. गाडीत बसलेल्या माणसाचा संच जमिनीपासून जेमतेम दीड मीटर उंचीवर, चारी बाजूंनी पत्र्याच्या आत आणि पुढच्या ट्रकच्या आडोशाला असतो.

या लहरी उजेडासारख्या सरळ जातात, वाटेत टेकडी आली की पलीकडे अंधार. आमच्या अनुभवात जालना रस्त्याच्या सपाट भागात, काचा बंद ठेवून, एक ते दीड किलोमीटरपर्यंत बोलणे स्वच्छ ऐकू आले आणि त्यापुढे खरखर वाढत गेली. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना मात्र दोन वळणांमध्ये डोंगराचा कडा आला की चारशे-पाचशे मीटरवरची गाडीही गप्प व्हायची आणि वळण सरताच पुन्हा बोलू लागायची. याउलट म्हैसमाळच्या कड्यावर उभे राहून खाली खुलताबादच्या बाजूला थांबलेल्या गाडीशी बोललो, तेव्हा तोच अर्ध्या वॅटचा संच शेजारी बसून बोलल्याइतका स्पष्ट वाजला. म्हैसमाळवर दूरदर्शनचा मनोरा का उभारला असेल, ते त्या वेळी वेगळे सांगावे लागले नाही.

पाच वॅटचा संच दहापट लांब पोहोचेल, हा समज म्हणूनच सोडून द्यावा. पूर्ण मोकळ्या अवकाशातही दहापट शक्तीने अंतर तिपटीच्या थोडेच वर जाते. जमिनीलगत, दोन गाड्यांच्या दरम्यान, ते दुपटीपर्यंतही पोहोचत नाही. आणि मध्ये बालाघाटाची टेकडी असेल तर अर्धा वॅट आणि पाच वॅट दोघेही सारखेच हतबल असतात. ज्या ताफ्यातल्या गाड्या एकमेकींपासून किलोमीटरभराच्या आत राहतात, त्याला अर्धा वॅट पुरतो. ज्या ताफ्यातल्या गाड्या पाच-सहा किलोमीटर पांगतात, त्याची अडचण संचाने सुटणारी नसते.

संच निवडताना ज्या गोष्टी खरोखर पाहायला हव्यात, त्यांचा उल्लेख खोक्यावर क्वचितच असतो. पहिली म्हणजे आवाज. डिझेल गाडी, चालू एसी आणि काँक्रीटच्या रस्त्यावरचा टायरांचा घोष यांच्यावर मात करून ऐकू आले पाहिजे. आमच्याकडच्या स्वस्त जोडीचा स्पीकर घराच्या ओसरीवर ठणठणीत वाटला, पण ऐंशीच्या वेगाला आवाज पूर्ण वाढवल्यावर तो फाटू लागला आणि ‘डावीकडे’ की ‘जाऊ दे’ हे कळेनासे झाले. महागड्या जोडीचा आवाज फार मोठा नाही, परंतु शब्द स्वच्छ येतात. शक्य असेल तर दुकानातच रस्त्याच्या कडेला उभे राहून संच वाजवून पाहावा.

दुसरी गोष्ट बोलण्याच्या बटणाची. ते बाजूला, अंगठ्याखाली आपसूक येईल असे, मोठे आणि थोडे कडक असावे. स्वस्त जोडीत बटण इतके मऊ होते की संच सीटवर आडवा पडला की तेच दाबले जाई, मग त्या गाडीतले सगळे घरगुती संभाषण बाकीच्या गाड्यांना ऐकवले जाई आणि चॅनेल अडकून पडे, कारण एक जण बोलत असताना दुसऱ्याला बोलता येत नाही. काही संचांत एका मिनिटाने प्रक्षेपण आपोआप थांबवण्याची सोय असते. ती असलेला संच घ्यावा.

बोललेल्या आवाजाने आपोआप चालू होणारी ‘व्हॉक्स’ ही सोय जाहिरातीत पुढे केली जाते. गाडीत ती निरुपयोगी आहे. गाण्याने, हॉर्नने आणि खड्ड्यातल्या दणक्यानेही ती चालू होते. ती बंदच ठेवावी आणि तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. टी८२ सारख्या संचांत सोळा चॅनेल आणि १२१ कोड असतात. त्यांना ‘प्रायव्हसी कोड’ म्हणण्याची पद्धत असल्याने आपले बोलणे गुप्त राहते असे लोकांना वाटते. कोडने फक्त दुसऱ्यांचे बोलणे आपल्या संचात वाजत नाही. आपले बोलणे त्या चॅनेलवर असलेला, कोड न लावलेला कोणीही ऐकू शकतो. कोणाच्या घरी कुलूप आहे, रोकड कोणत्या गाडीत आहे, असल्या गोष्टी वॉकीटॉकीवर बोलू नयेत.

बॅटरीच्या बाबतीत मराठवाड्याचा उन्हाळा लक्षात घ्यावा लागतो. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला संच हाताला चटका देतो, आणि लिथियमची बॅटरी एवढ्या तापल्या अवस्थेत चार्जिंगला लावणे तिच्या आयुष्याला घातक असते. देवदर्शनाला उतरताना संच सीटखाली किंवा पिशवीत ठेवावेत. चार्जिंग यूएसबीवर होणारे असावे, म्हणजे गाडीतल्या फोनच्या चार्जरवरच काम भागते; प्रत्येक संचाला वेगळा डबा आणि वेगळा अडॅप्टर लागणारी जोडी प्रवासात डोकेदुखी ठरते. काही संचांत मूळ बॅटरी संपल्यावर साधे पेन्सिल सेल घालता येतात. ही सोय मला टाईप-सी पेक्षाही मोलाची वाटते, कारण सेल पारगावच्या टपरीवरही मिळतात.

अँटेना या परवानामुक्त संचांवर बहुधा कायमचा बसवलेला असतो, त्यामुळे टपावर चुंबकाचा बाहेरचा अँटेना लावण्याचा विचार सोडून द्यावा. संच पुढच्या काचेजवळ, उभा धरून बोलल्यास आवाज बराच सुधारतो. संच मांडीवर आडवा ठेवून बोलणारे आणि मग रेंज नसल्याची तक्रार करणारे लोक प्रत्येक ताफ्यात एक-दोन असतातच.

संच चालवणाऱ्याच्या हातात मुळीच देऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहन चालवताना हातात धरायची संपर्कसाधने वापरणे हे धोकादायक वाहनचालकत्वात मोडते, आणि कायदा बाजूला ठेवला तरी बेचाळीस अंशांच्या उन्हात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ओलांडताना एका हाताने बटण शोधणे शहाणपणाचे नाही. संच शेजारी बसलेल्याने सांभाळावा. आमच्या ताफ्यात हे काम पुढच्या गाडीत वहिनींकडे आणि शेवटच्या गाडीत बारावीतल्या पुतण्याकडे होते, आणि दोघांनी ते चालकांपेक्षा चांगले केले. चौसाळ्याच्या पुढे शेवटच्या गाडीतून निरोप आला होता: “काकू, मधे उसाच्या दोन ट्रॉल्या आल्यात, आम्ही मागं राहिलो. ओव्हर.” त्यावर वहिनी म्हणाल्या, “घाई करू नको बाळा, येडशीच्या अलीकडं पेट्रोलपंपावर थांबतो. ओव्हर.” संचाची सगळी किंमत एवढ्या दोन वाक्यांत वसूल होते, कारण एरवी मागची गाडी पुढच्यांना गाठण्यासाठी नको तिथे ओव्हरटेक करते.

‘ओव्हर’ म्हणण्याला हसणारे पुष्कळ भेटतील, पण बोलणे संपले हे ऐकणाऱ्याला कळण्याचा तो सर्वांत साधा उपाय आहे. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोलावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ‘उजवीकडे वळा’ मधला ‘उजवीकडे’ गेला की उरते फक्त ‘वळा’.

समृद्धी महामार्गावर या संचांचा उपयोग थोडा वेगळा आहे. ताशी एकशेवीसच्या वेगाने गाडी मिनिटाला दोन किलोमीटर जाते, त्यामुळे एखादी गाडी मिनिटभर जरी मागे राहिली तरी ती अर्ध्या वॅटच्या आवाक्याबाहेर गेलेली असते. तिथे गाड्यांनी वेग ठरवून घ्यावा आणि कोणत्या इंटरचेंजला उतरायचे ते बरेच आधी सांगावे. एक चुकला की पुढचा इंटरचेंज येईपर्यंत परत फिरता येत नाही. वेरूळ, कन्नडच्या बाजूला जाणाऱ्या जुन्या रस्त्यांवर आणि घाटात गाड्या आपोआपच जवळ राहतात, तिथे हे संच सर्वांत चांगले शोभतात.

आमची चांगली जोडी नऊ हजारांच्या आतबाहेर आणि स्वस्त जोडी तिच्या निम्म्या किमतीत मिळाली होती. दोन्ही ४४६ च्या. आज निवड करायची झाली तर मी चांगल्या प्रतीचे दोन संच पहिल्या आणि शेवटच्या गाडीसाठी घेईन आणि मधल्या गाड्यांना स्वस्तातले देईन, कारण मधल्या गाड्यांना बहुतेक वेळ ऐकायचेच असते. पाण्यापासूनचे संरक्षण, टॉर्च, कंपनसूचना, रंगीत पडदा यांवर पैसे घालण्याची गरज मला वाटत नाही. पावसाळ्यात अजिंठ्याला निघणाऱ्यांनी मात्र आयपीएक्स२ हे पाण्यापासूनच्या संरक्षणाचे मानांकन हलक्या थेंबांपुरतेच असते, मुसळधार पावसासाठी नसते, एवढे ध्यानात ठेवावे.

वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एकत्र वापरताना एक तांत्रिक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. या पट्ट्यातल्या पहिल्या आठ चॅनेलच्या फ्रिक्वेन्सी सगळीकडे सारख्याच असतात, म्हणून एका कंपनीचे तीन नंबरचे चॅनेल दुसरीच्या तीन नंबरशी जुळते; परंतु कोडचे क्रमांक प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने लावू शकते, म्हणून दोन्ही संचांवर ‘१२’ दिसत असूनही ते एकमेकांना ऐकत नाहीत. निघण्यापूर्वी घराच्या अंगणातच सगळ्या संचांचा कोड शून्यावर ठेवून बोलून पाहावे, आणि त्या चॅनेलवर जवळच्या एखाद्या मंगल कार्यालयाच्या किंवा बांधकामाच्या माणसांची वर्दळ ऐकू आली, तर पुढचे मोकळे चॅनेल पकडून त्याचा आकडा प्रत्येक गाडीच्या काचेवर चिकटपट्टीने लावून ठेवावा.